गरम पाण्याला आइसलँड कशाला?

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइलवर आइसलँडचे फोटो दाखवले. बाहेर बर्फ आणि बायका गळ्यापर्यंत वाफाळत्या निळ्या पाण्यात बसलेल्या. "आपल्या नशिबात कुठलं एवढं सुख?" असं कुणीतरी म्हणालंच. अहो, नशीब कशाला हवं? भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीची एसटी धरा.

तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या पट्ट्यात गरम पाण्याची कुंडं आहेत. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि पुन्हा भेगांतूनच वर येतं. आइसलँडमध्ये जागे ज्वालामुखी आहेत, आपल्याकडे नाहीत. तिकडे याच पाण्यावर घरंसुद्धा उबदार ठेवतात. मात्र फोटोतलं ते प्रसिद्ध निळं तळं वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याचं आहे बरं का! आपली कुंडं त्या मानाने अस्सल.

त्यांची एक शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. सार्वजनिक तलावात उतरण्याआधी तिथे साबणाने अंघोळ करावीच लागते. आपण साबण, कपडे, सगळं कुंडातच नेतो.

आता जपायचं काय ते ऐका. सगळ्या कुंडांचं पाणी सारखं नसतं, काही फार कढत असतं. आधी हाताने अंदाज घ्या. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्या पायांना चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतो. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार किंवा बीपी असलेल्यांनी उतरू नये. काठावर पिशव्या सांभाळायला आणि गप्पा मारायला कुणीतरी लागतंच! बाकीच्यांना दहा मिनिटं पुरे. उठताना सावकाश उठा, चक्कर येते. अंग मोकळं होतं हे खरं, पण म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि पावसाळ्यात नदीत पाय घालू नका.

बायका जात नाहीत त्याचं खरं कारण वेगळंच असतं, कपडे बदलायचे कुठे? म्हणून गटानेच जा. आडवारी, सकाळी लवकर. दोन जुन्या साड्या आडोशाला धरायला न्या. बायकांसाठी बंदिस्त जागा कुठे आहे, ते पोचल्यावर आधी विचारा. खर्चासाठी गटातून कर्ज मात्र नको. दर बैठकीला वीस-वीस रुपये बाजूला टाका, जमतात.

वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढायला विसरू नका. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडला तो इथे, असं सांगतात. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता, ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.