वैयावृत्त्य करणाऱ्यांचे वैयावृत्त्य



जैन शास्त्रात अभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वैयावृत्त्याचे, म्हणजे रुग्ण व थकलेल्या साधूंच्या शुश्रूषेचे स्थान स्वाध्याय आणि ध्यान यांच्याही आधी येते. आज रुग्णालयात ही शुश्रूषा अहोरात्र करतात त्या आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार. बरा झालेला रुग्ण डॉक्टरांचे आभार मानतो. या मंडळींचे नावही त्याला ठाऊक नसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आंजर्ले, केळशी, हर्णे परिसरातील माडापोफळीच्या बागा आडव्या केल्या. घरांची छपरे उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. काळ करोनाचा होता. अशा वेळी स्वतःचे घर उघडे पडले तरी रुग्णालयातील पाळी चुकवता येत नाही. तो ताण कोणी मोजला नाही.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, केवळ कामाच्या भाराने माणूस तितका खचत नाही. भार मोठा आणि निर्णयाचा अधिकार अल्प असेल, तेव्हा तो अधिक खचतो. पुढील संशोधकांनी त्यात सहकारी व वरिष्ठांच्या आधाराची भर घातली. हे वर्णन रुग्णालयातील सेवकवर्गास तंतोतंत लागू पडते. पुरुष सेवकाच्या वाट्याला रुग्ण उचलणे, मृतदेह हलविणे आणि नातेवाइकांचा संताप झेलणे येते. स्त्री सेविका पाळी संपवून घरी पोहोचते, तेव्हा चूल आणि घरातील वृद्धांची सुश्रूषा तिची वाटच पाहत असते. त्याने रडायचे नाही आणि तिने थकायचे नाही, अशी समाजाची अपेक्षा असते.

कायद्याने काही आधार दिला आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रुग्णालयांनाही लागू आहे. मात्र सन्मान कायद्याने मिळत नाही.

आपला समाज रुग्णालयांना खाटा आणि यंत्रे उदारपणे देतो. त्यासोबत सेवकांसाठी एक विश्रांतीची खोली आणि हातमोज्यांचा पुरेसा साठा दिला, तर ते दानही मोठेच ठरेल. आणि रुग्णाला भेटावयास गेल्यावर आयाबाईंना त्यांच्या नावाने हाक मारावी. त्यास खर्च काहीच नाही; वैयावृत्त्याचा आरंभ मात्र तेथूनच होतो.

जय जिनेंद्र!