डिस्कचे वाटे



आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम येथे आले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी जोडीने चालल्या. असे शतकाचे आलेख एखाद्या सर्व्हरवर, म्हणजे साठवणीच्या संगणकावर, ठेवायचे झाले तर डिस्कचे वाटे कसे पाडावेत?

पहिला प्रश्न वाट्यांच्या कोष्टकाचा. डिस्कवरील जागा लहान खणांत मोजतात. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत खणांचा क्रमांक बत्तीस द्विमान अंकांत मावावा लागतो. ५१२ बाइटांचा खण धरला, तर सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडची जागा तिच्या हिशेबातच येत नाही. शिवाय कोष्टक एकच, डिस्कच्या आरंभी. ‘जीपीटी’ पद्धतीत दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. आम्ही तीच घेऊ.

वाटे मात्र फार नकोत. भिंत घालणे सोपे, हलवणे जिकिरीचे. एक खोली तुडुंब आणि शेजारची रिकामी, अशी फजिती होते. यंत्रणेचा एक वाटा, नोंदींचा एक, एवढे पुष्कळ झाले. यंत्रणा पुन्हा बसवताना नोंदींना हात लावावा लागत नाही; नोंदी कितीही फुगल्या तरी यंत्रणा गुदमरत नाही.

पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या वाट्यातील प्रतीस आम्ही प्रत म्हणत नाही. डिस्क गेली की दोन्ही गेल्या. प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि ती दुसऱ्या गावी हवी. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ ज्यांनी येथे पाहिले, त्यांना याचे कारण सांगावयास नको.