कुलपांचा नकाशा



पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'किनाऱ्यावरची छोटी गावं : बांधकामाचे नियम आणि घरं' असं छापलंय. ते वाचून मघाशी बाहेर चहा पिताना एकानं विचारलं, "सायेब, समुद्र कुठं, नेसरी कुठं? हितं बसून लाटा मोजायच्या व्हय?" (हशा) रास्त आहे. या गावात आलेल्या वक्त्यानं प्रतापराव गुजरांवर बोलावं. २४ फेब्रुवारी १६७४, खिंड, सात वीर. ते तुम्हाला पाठ आहे आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं. माझं पोट नगररचनेवर भरलं. नकाशे रंगवायचे आणि रंगवलेले नकाशे लोकांना समजावून सांगायचे, यात नोकरी सरली. त्यातली बरीच वर्षं घाटाखाली गेली. तेव्हा आज आंबोली उतरूनच बोलणार. परत वर येतो, काळजी नको.

कायद्यांचा पाढा वाचत नाही. १९६६ चा जमीन महसूल अधिनियम, त्याच वर्षीचा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, त्याआधीचा १९४७ चा तुकडेबंदीचा. एन.ए. म्हणजे काय हे ठाऊक नाही असा माणूस गडहिंग्लज तालुक्यात मिळायचा नाही. प्लॉट पाडणारे तर मागच्या रांगेत दोघे-तिघे दिसतायत, त्यांनी माझी शिकवणी घ्यावी. (हशा) प्रादेशिक योजनेच्या नकाशात पिवळं म्हणजे रहिवास, हिरवं म्हणजे शेती, आणि आपलं रान पिवळ्यात यावं म्हणून माणूस कुठवर चपला झिजवतो, तेही सांगायला नको.

किनाऱ्यावर या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. तो सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा. १९८१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा मोकळा ठेवा. पत्राला जेवढा मान मिळायचा तेवढा मिळाला. मग १९ फेब्रुवारी १९९१ ला अधिसूचना निघाली, २०११ ला नवी, २०१९ ला आणखी नवी. खेड्यांपुरतं ढोबळ सांगायचं तर भरतीरेषेपासून पहिल्या दोनशे मीटरात नवं बांधकाम नाही. जुनं घर आहे त्या जोत्यावर, आहे त्या आकारात दुरुस्त करा. पाय पसरू नका.

२०१९ मध्ये यात एक आकडा घुसला. ज्या खेड्यात चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती, तिथं किनारा व्यवस्थापन आराखडा झाल्यावर दोनशेऐवजी पन्नास मीटर. दोन हजार नाही, बावीसशे नाही, २,१६१! म्हणजे काठावरच्या एखाद्या गावात जुळं झालं, की समुद्रानं दीडशे मीटर मागं सरायचं. (हशा) पण जुळ्याचाही उपयोग नाही. शिरगणती धरायची ती २०११ ची.

आणि माझं सगळं भांडण इथूनच सुरू होतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आला. माणसं मुंबईला गेली, घरं जागेवर राहिली. घराला कुलूप, म्हणून मोजणीला माणूस नाही. माणूस नाही, म्हणून गाव विरळ. विरळ, म्हणून दोनशे मीटर कायम. आणि दोनशे मीटर कायम, म्हणून जे मागं राहिले त्यांच्या पोरांना घर बांधायला जागा नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी अंतर मोजलं, उंची मोजली, चटई क्षेत्र मोजलं. घरात कोण राहतं हे विचारायला त्यांच्या नमुन्यात जागाच नव्हती. आजही नाही.

एक वाडी सांगतो. वेंगुर्ले तालुक्यातली; नाव घेत नाही, लोक ओळखतील.   मी भरतीरेषेची खूण तपासायला नकाशा घेऊन गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. एका ओटीवर पाणी मागितलं. घरात एक काकी. पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला. मान वर केली तर ओटीच्या भिंतीला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला चावी. चाव्या जाळ्याच्या नायलॉन दोरीनं बांधलेल्या, आणि दोरीला गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पट्टी. पट्टीवर अक्षर नव्हतं, खिळ्यानं पाडलेली भोकं होती. एक भोक, दोन भोकं, तीन.

मी विचारलं, काकी, हे काय? म्हणाल्या, "ही लालबागची, ही डोंबिवलीची, ही मस्कतची. आणि ही कोणाची ता माका पण आता आठवणा नाय." (हशा)

सगळ्या वाडीच्या चाव्या. पावसाळ्याच्या तोंडाला ही बाई प्रत्येक कुलपात खोबरेल सोडायची, म्हणजे गंजून बसू नये. श्रावण सरता सरता एकेक घर उघडायची, झाडायची, नारळाची सोडणं पेटवून धूर करायची, का तर वाळवी आणि कुबट वास. चवथीला मुंबईकर यायचे, आरत्या, भजनं, मोदक, उजेड. गणपती गेले की चाव्या पुन्हा खिळ्यावर. पगार? पगार कसला. साडी मिळायची, कधी नुसताच फोन. एका घराची कौलं सरकली होती, तर हिनं स्वतःच्या मुलाला चढवून शाकारून घेतलं, आणि मालकानं फोनवर विचारलं की जुनी कौलं कुठं ठेवली! मी आजवर कितीतरी टाऊन प्लॅनर बघितले, त्यांच्यापैकी एकालाही आपल्या हद्दीत किती घरं नांदती आहेत हे सांगता आलं नसतं. हिला भिंतीकडं न बघता सांगता यायचं.

निघताना तिनं माझ्या काखेतल्या गुंडाळीकडं बोट केलं. "तुमच्या नकाशात बघून सांगा, माझ्या झिलान घर खंय बांधूचा?"

नकाशा पसरला. तिचं घर दोनशे मीटरच्या आत. मागची जागा बाहेर पडत होती, पण ती सामायिक. सातबारावर नावांची माळ, निम्मे वारलेले, उरलेल्यांतला एकजण सही करायला येणार कधी तर चवथीला, आणि चवथीला म्हणणार की सणासुदीला कागद नको. म्हणजे सीआरझेड उद्या उठला तरी त्या पोराला घर नव्हतंच. आणि नकाशावर ती सगळी घरं, नांदती असोत की बंद, सारख्याच काळ्या चौकोनांची. (अध्यक्षांकडं पाहून) हो, बघितलं घड्याळ. हे एवढं लांबणार नव्हतं.

तर त्या वाडीच्या वरच्या अंगाला, पाचशे मीटरच्या पलीकडं, सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे. तिथं पाट्या लागल्यात : समुद्रदर्शन, गेटेड सोसायटी, विमानतळ इतक्या मिनिटांवर. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा झाला, चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, गोव्यातलं मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. नंतर तिकडं गेलो होतो, तेव्हा फ्लॅट उभे होते. संध्याकाळी खालून बघितलं तर अख्ख्या इमारतीत दोन खिडक्यांत दिवा. सगळं नियमात बसणारं, एक वीट बेकायदा नाही. म्हणजे किनाऱ्यावर आता दोन जातींची बंद घरं आहेत. एक, जे गेले त्यांची. दुसरी, जे राहायला कधी आलेच नाहीत त्यांची. परवानगी देणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. आणि मार्च २०२४ मध्ये किनाऱ्यालगतच्या सोळाशेहून जास्त गावांसाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमणारी अधिसूचना निघाली, तेव्हा चर्चा कसली? रस्ते कुठं, रिसॉर्ट कुठं, अधिकार कुणाचे. कुलपांचं कुणी नावही काढलं नाही.

आता आलो वर. (टाळ्या) टाळ्या थांबवा, आता तुमची पाळी आहे. इथं ज्यांच्या घरात मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या भावाच्या घराची किल्ली आहे, त्यांनी हात वर करा. बघा. निम्मे हात वर, आणि उरलेले बायकोकडं बघतायत. (हशा)

घाटाखाली दोनशे मीटर म्हणजे बंदी. तुमच्याकडं दोनशे मीटर म्हणजे मुभा : गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेत बसत असेल तर, बिगरशेती मानायची, जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४२-ड. शिवाय २०२१ मध्ये तुमच्या शेजारच्या कागलचे हसन मुश्रीफ ग्रामविकासमंत्री असताना ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचनाकाराच्या दारात जायची गरज नाही, असं ठरलं. चांगलंच झालं, गरिबाचे हेलपाटे वाचले. पण मोकळीक मिळाली ती गावाबाहेर पसरायला. आत गल्लीत जुनं घर पडायला आलेलं, परड्यात बाभळी माजलेल्या, आणि वेशीबाहेर ऊस काढून प्लॉटला पांढरे दगड. स्वामित्व योजनेत गावठाण मोजायला ड्रोन फिरला. राज्यात त्याची सुरुवात पुरंदरच्या सोनोरीपासून झाली. मिळकत पत्रिका हातात येते, भावकीचं भांडण निवळतं, मी त्या योजनेच्या बाजूचा आहे. पण ड्रोनला कौल दिसतं, कडी दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि यासाठी माझ्या घरातसुद्धा माझी थट्टा होते. ग्रामपंचायतीत घरपट्टीची आकारणी नोंदवही असते, नमुना ८. तिच्याशेजारी एक साधी वही ठेवा आणि तीत एक रकाना : 'नांदतं की बंद'. बस्स. सरकारी नमुना बदलायचा अधिकार आपल्याला नाही, पण ग्रामसभेच्या ठरावानं वेगळी वही ठेवायला कोण अडवतंय? शिरगणतीवाले मोजतातच की. २०११ मध्ये देशातल्या तेहतीस कोटी घरांपैकी जवळजवळ अडीच कोटी रिकामी निघाली. पण तो आकडा दिल्लीत राहतो. गावाबाहेर नव्या प्लॉटिंगचा अर्ज येतो, त्या दिवशी तो सरपंचाच्या टेबलावर नसतो.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' माझ्याकडं अजून अख्खं युरोप आहे! (हशा) पळत सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ ला लोकांनी मतदान करून ठरवलं, की कुठल्याही गावात सुट्टीपुरती घरं वीस टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. जेमतेम काठावर पास झालं, ५०.६ टक्के. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथं २०१६ मध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी कौल दिला, की नवं घर बांधलं तर त्यात कायम राहणाराच हवा.

त्या कोपऱ्यातले इंजिनिअर मघापासून मान हलवतायत. त्यांना माहीत आहे पुढचं. तिथं बिल्डरनी अंग काढून घेतलं, नवी घरं कमी झाली आणि सुट्टीवाल्यांची नजर जुन्या घरांकडं वळली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी ते नोंदवलंय. मान्य! पण म्हणून तर मी बंदी मागत नाही, वही मागतो. बंदी घालणाऱ्याला आधी मोजावं लागतं, आणि बंदीला विरोध करणाऱ्यालासुद्धा. नाही, मला पुरतं बोलू द्या.

"बंद घराला दुप्पट पट्टी लावायचा डाव आहे," असं कुणीतरी म्हणालं. मी पट्टी म्हणालो? मी रकाना म्हणालो. पुढं गावानं काय करायचं ते गावानं बघावं. बंद घर भाड्यानं द्यायला भावाला भरीस घाला, शाळेतल्या बाहेरगावच्या शिक्षकांना द्या, नाहीतर काहीच करू नका. पण नव्या प्लॉटिंगवर ग्रामसभेत बोलताना आकडा हातात असू द्या. १ मेची ग्रामसभा आहे, १५ ऑगस्टची आहे.

घंटा झाली. सामायिक सातबारा, वाटप, वारस नोंद यावर तयार केलेली पानं तशीच घरी नेतो. तो भाग खरं तर सगळ्यांत उपयोगाचा होता. अध्यक्ष परवानगी देत असतील तर दोन प्रश्न घेऊ, आणि पहिला त्या दुप्पट पट्टीवाल्या काकांचा, कारण त्यांनी अजून हात खाली घेतलेला नाही.