दादा सुटला, नाव अडकलं

आमच्या गल्लीतला एक दादा चोरीच्या केसमधून निर्दोष सुटला. तो विचारतो, "खोटी केस घालणाऱ्याला काहीच नाही काय?"

आहे. भारतीय न्याय संहिता, कलम 248. त्रास द्यायच्या हेतूनं, जाणूनबुजून खोटा आरोप केला तर 5 वर्षांपर्यंत कैद. आरोप गंभीर गुन्ह्याचा असेल तर 10. पण पुरावा कमी पडला तरी आरोपी सुटतो. तक्रारदाराचा खोटेपणा वेगळा सिद्ध करावा लागतो.

कलम 72 बलात्कार पीडितेची ओळख झाकतं. ते हवंच, नाहीतर तक्रार द्यायला कोण धजेल?

दादाचं नाव मात्र कुणी झाकलं नाही. 'चोर' म्हणून त्याचा फोटो आपणच फॉरवर्ड केला. मीही केला. सुटल्याची बातमी कुणी टाकली?