विमानाचा पंखा फिरताना दिसला पाहिजे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'छायाचित्रण कला' असं छापलंय. चिटणीसांनी प्रेमानं छापलंय, पण कला वगैरे मोठा शब्द झाला. मी स्थापत्यातला पदविकाधारक. बांधकाम खात्यात रस्ते आणि मोऱ्या मोजण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळं आज कलेपेक्षा आकडेच जास्त येतील, ते सांभाळून घ्या. विषय तसा छोटा आहे: जुनी विमानं उडत असताना जुन्या, जड, रोल भरायच्या कॅमेऱ्यानं त्यांचे फोटो काढणे.

हा तो कॅमेरा. यशिका मॅट 124 जी. खडेबाजारातला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांच्या मुलाकडून घेतला. इथल्या निम्म्या लोकांचे लग्नाचे फोटो असल्याच दोन डोळ्यांच्या पेटीनं काढलेले असतील. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघतो. आत 120 नंबरची फिल्म बसते. फिल्मवरची चौकट 56 मिलिमीटर बाय 56 मिलिमीटर, आणि एका रोलला फोटो बारा. नेहमीच्या 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याची चौकट 24 बाय 36. गुणाकार केला तर ही साडेतीन पटीहून मोठी भरते. म्हणून याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. मोठी निगेटिव्ह, मोठा प्रिंट, आणि त्यात बारीकसारीक दिसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुलांनो, वर बघा. पंखा चालू आहे. या पंख्याचा फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात काढला तर काय दिसेल? तीन पाती, अगदी स्पष्ट आणि जागच्या जागी. बघणारा म्हणेल, लाईट गेली होती वाटतं. आपल्या घरचा पंखा मिनिटाला साधारण 300 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. पाचशेव्या भागात तो साडेतीन अंशच सरकतो. तेच शटर पंधराव्या भागाचं ठेवलं तर पातं बरोबर 120 अंश फिरतं, म्हणजे एका पात्याच्या जागेवरून दुसऱ्या पात्याच्या जागेवर येतं, आणि फोटोत गोल चकती उमटते. पंखा चालू आहे हे ती चकती सांगते.

विमानाच्या नाकावरचा किंवा इंजिनावरचा प्रोपेलर म्हणजे तोच पंखा. जुन्या विमानाच्या फोटोचा सगळा खटाटोप तिथंच आहे. जेट विमानाला ही भानगड नाही, पाचशेव्या भागात फोटो काढा आणि घरी या. पण डाकोटा, टायगर मॉथ, हार्वर्ड यांचा पंखा थांबलेला दिसला की विमान उडत नाही, दोऱ्यानं टांगलेलं असतं.

हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या एका काकांनी. सांबऱ्याला प्रशिक्षण घेऊन ते हवाई दलात गेले आणि कितीतरी वर्षं डाकोटाचे इंजिन फिटर होते. आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांच्या नातवानं एकदा मोबाईलवर कुठल्याशा डाकोटाचा फोटो दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एक इंजिन बंद पडलंय, आणि दुसऱ्याचं पातं केळ्यासारखं वाकलंय. असलं विमान आम्ही वर सोडलं नसतं की रे." नातू हसला. काका हसले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर इंजिन चालू ठेवायची नोकरी केली त्याला बंद इंजिनाचा फोटो दाखवायचा म्हणजे तसंच झालं.

पातं वाकडं का आलं, तेही सांगतो. मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. तोवर पातं पुढं सरकलेलं असतं. आपल्या या पेटीत शटर भिंगातच असतं. कमळ उमलावं तशा पोलादी पाकळ्या मधून उघडतात आणि मिटतात, सगळ्या चौकटीवर एकाच वेळी प्रकाश पडतो. पातं पुसट होईल, पण वाकणार नाही.

मग मी कागद घेऊन बसलो. डाकोटाला ट्विन वास्प जातीची दोन इंजिनं असतात. प्रत्येक चौदा सिलिंडरचं, साधारण 1200 अश्वशक्तीचं. मध्ये गिअर आहे, इंजिनाचे 16 फेरे झाले की प्रोपेलरचे 9 होतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेतंय असं धरा, तर प्रोपेलरचे 1125, सेकंदाला एकोणीसच्या आतबाहेर. पाचशेव्या भागात पातं सरकतं साडेतेरा अंश, म्हणजे जवळपास थांबलेलंच. सव्वाशेव्या भागात 54 अंश. साठाव्या भागात 112 अंश. पाती तीन, दोघांत अंतर 120. म्हणजे साठाव्या भागाला चकती जवळजवळ पूर्ण होते. टायगर मॉथला पाती दोनच, पण गिअर नाही, त्यामुळं प्रोपेलर इंजिनाच्याच वेगानं फिरतो. तिथं सव्वाशेव्या भागातही अर्ध्याहून जास्त चकती मिळते.

पण साठाव्या भागात विमान स्वतः किती पुढं जातं? ताशी 240 किलोमीटरनं जाणारं डाकोटा सेकंदाला 67 मीटर कापतं, साठाव्या भागात एक मीटरहून थोडं जास्त. कॅमेरा स्थिर धरला तर पंख्याची चकती मिळेल, पण सगळं विमानच सारवल्यासारखं दिसेल. म्हणून कॅमेरा विमानाबरोबर वळवायचा. विमान तुमच्या चौकटीत जागचं हलता कामा नये. फोटोग्राफर याला पॅनिंग म्हणतात. गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे शिकवायला लागत नाही.

आता या पेटीची गंमत. वरून काचेत बघितलं की चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. विमान उजवीकडं चाललं की काचेतलं विमान डावीकडं पळतं, आणि तुम्ही त्याच्या मागं वळलात की ते आणखीच लांब जातं. त्यावर उपाय पेटीतच आहे. झाकणाची पुढची पट्टी आत ढकलली की मागच्या चौकोनी भोकातून सरळ समोर बघता येतं. ना काच, ना भिंग, दोन चौकटी एकात एक. पुष्कळ जण याला हसतात. पण मोठ्या फिल्मच्या आरशाच्या कॅमेऱ्यात बटण दाबताक्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यांपुढं अंधार होतो. नेमक्या त्या क्षणी विमान कुठं होतं हे त्याला दिसतच नाही. मला दिसतं. हॅसलब्लॅडच्या मालकांपुढं मी हे दरवेळी सांगतो, आणि तेवढंच एक सांगण्यासारखं असल्यामुळं जोरात सांगतो.

उभं कसं राहायचं तेही सांगतो. जिथं बटण दाबायचं ठरवलंय तिकडं पायांची बोटं. मग कंबरेतून मागं वळून, विमान येतंय तिकडं तोंड. कोपरं छातीला, पट्टा मानेत ताणलेला. विमान आलं की कंबर उलगडत जायची. बटण दाबल्यावर थांबायचं नाही, वळणं चालूच ठेवायचं. गोलंदाज चेंडू सुटल्यावर जसा पुढं धावत जातो तसं. क्लिक करून जो हात थांबवतो त्याचा फोटो क्लिकच्या आधीच बिघडलेला असतो. सराव मी काँग्रेस रोडवर केला. सकाळी सहाला सायकलवर जाणारे दूधवाले, पेपरवाले. रोल न भरता, नुसतं वळायचं. चार-पाच महिन्यांत ते मला ओळखायला लागले, एक जण तर मुद्दाम पोझ द्यायचा, त्याला सोडून द्यावं लागलं.

एक उलटी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुकानदार सांगतात, पळणाऱ्या वस्तूला 400 स्पीडची फिल्म घ्या. इथं ती चालत नाही. फेब्रुवारीच्या दुपारच्या उन्हात 400 ची फिल्म भरली तर भिंगाचं तोंड 32 पर्यंत मिटवूनही शटर सव्वाशेच्या खाली आणता येत नाही, फिल्म जळते. 125 ची भरायची, वर पिवळा फिल्टर लावायचा. तो एक पायरी उजेड खातो आणि निळं आभाळ थोडं गडद करतो. मग 16 चं तोंड आणि साठावा भाग, हिशेब बरोबर बसतो.

येलहंकाला दोन वर्षांतून एकदा फेब्रुवारीत हवाई प्रदर्शन भरतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी बंगळूर. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती काम', आणि ते खोटं नाही, पिशवीत डबा घरचाच असतो. तिथं मी डाकोटा उडताना पाहिलं. हे परशुराम नावाचं डाकोटा परदेशात दुरुस्त करून 2018 साली हवाई दलात पुन्हा आणलं. त्याच्या शेपटीवरचा क्रमांक व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटांची आठवण म्हणून तो क्रमांक दिलाय. त्या दिवशी ती विमानं उतरली नसती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. या जातीचं पहिलं विमान उडालं 17 डिसेंबर 1935 ला. नव्वदीला आलेली जात आहे. सुटे भाग शोधून शोधून लावतात. पुढच्या प्रदर्शनात ते उडेलच असं कुणी सांगत नाही.

आवाज आधी येतो. बाकी विमानं कान फाडतात, हे घुमतं. गर्दीतली पोरं खाऊच्या पुड्यांमधून मान वर काढतात. माझ्याकडं एका फेरीत एक फोटो. हँडल फिरवून पुढची चौकट आणेपर्यंत विमान टोकाला गेलेलं असतं. शेजारच्या मुलाचा कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेत होता. त्याच्याकडं काहीतरी चांगलं निघणारच, त्यात वाद नाही. पण तो विमान नंतर घरी संगणकावर बघणार होता. मला ते तिथंच, त्या चौकोनातून, पंखावर ऊन पडून सरकेपर्यंत बघावं लागलं, कारण बटण कधी दाबायचं ते ठरवायचं होतं.

तीनशे मीटरवरचं वीस मीटर लांबीचं विमान या 80 मिलिमीटरच्या भिंगातून फिल्मवर किती येतं? पाच मिलिमीटर. शेंगदाण्याएवढंही नाही. इथं ती मोठी निगेटिव्ह कामाला येते. बारा पट मोठं केलं तर विमान अडीच इंचांचं होतं आणि तरी खिडक्या वेगवेगळ्या दिसतात. बाकी सगळं आभाळ. आभाळ कापून टाका असं लोक सांगतात. मी कापत नाही. विमान आभाळातच असतं.

तो प्रिंट मी काकांकडं नेला. त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली, भिंग मागवलं. आधी डावं इंजिन, मग उजवं. चकतीवरून भिंग गोल फिरवलं. बराच वेळ गेला, काकू चहा ठेवून गेल्या, तो निवला. मग म्हणाले, "दोन्ही चालू आहेत." आणि थोड्या वेळानं, "सुरू होतानाचा काढला नाहीस? पहिला धूर येतो तेव्हाचा? खरी परीक्षा ती असते." अशा इंजिनात तळाच्या सिलिंडरांत तेल उतरून बसतं, सुरू करताना ते जळून भकाभका धूर निघतो. त्यासाठी विमानाजवळ उभं राहायची परवानगी लागते. अर्ज टाईप करून ठेवलाय. सरकारी माणूस असल्यामुळं अर्ज लिहिणं मला जमतं, उत्तर येईल तेव्हा येईल.

उभी विमानं बघायची असतील तर लांब जायला नको. गोव्यात दाभोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथं चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभं आहे. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे आहेत. ट्रायपॉड लावा, अर्ध्या सेकंदाचा फोटो काढा, रिव्हेट न् रिव्हेट येतो. सुंदर येतो. पण तिथं पंख्याला चकती नाही, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचा रंग सोडत आणलाय. ती विमानं मुलांना आत्ताच दाखवून आणा.

शेवटी मंडळाच्या कामाचं. विसर्जन मिरवणुकीत लेझीम आणि ढोल असतो, आणि आपण सगळे मोबाईलचा लाईट मारून पोरांना पुतळे करून टाकतो. यंदा लाईट बंद ठेवा. मोबाईलमध्ये शटर हातानं ठरवायची सोय असेल तर तिसाव्या भागावर ठेवा, आणि ढोलवाल्याबरोबर तुम्हीही थोडं सरका. चेहरा स्पष्ट आणि टिपरू पुसट आलं की समजा जमलं. कपिलेश्वर तलावापर्यंत पुष्कळ वेळ मिळतो. ज्या मुलांना हा कॅमेरा हातात धरून बघायचाय त्यांनी आरतीनंतर इथंच थांबा. रोल भरलेला नाही, किती वेळा बटण दाबलं तरी चालेल. पंखा मात्र कुणी बंद करू नका.