बागेत माणसं हवीत



पदवीदानाच्या दिवशी पाहुण्याने देशाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी तुमच्या वॉर्डातल्या बागेवर बोलणार आहे. फाटक गंजलेलं, घसरगुंडीचा पत्रा निघालेला, पाण्याचा नळ चोरीला गेलेला, कोपऱ्यात कुणीतरी रातोरात आणून टाकलेला बांधकामाचा राडारोडा. अशी एक तरी बाग तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. शहरात मोकळ्या जागेची इतकी टंचाई असताना आहे तीच जागा अशी वाया जावी, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅनडात टोरांटो शहरात डफरिन ग्रोव्ह नावाचं सार्वजनिक उद्यान आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक तिथे जायला कचरत. समोरच्या मॉलकडून उद्यानासाठी काही पैसे आले, तेव्हा जुटा मेसन आणि त्यांचे शेजारीपाजारी पुढे झाले. त्यांनी आधी आजूबाजूच्या लोकांनाच विचारलं, की इथे काय असलं तर तुम्ही याल? मग वाळूचा एक मोठा खड्डा झाला, त्यात ओंडके, खरीखुरी फावडी आणि पाण्याचा नळ. मुलं वाळूत पाट काढू लागली, बांध घालू लागली, पाणी अडवू आणि सोडू लागली. त्या खेळाला शेवट नसतो, त्यामुळे मुलं तासन् तास हलेनात. मुलं हलेनात म्हणून आईबाप बसले, आणि बसलेली माणसं एकमेकांशी बोलायला लागली.

१९९५ साली त्याच उद्यानात लाकडावर चालणारी एक भट्टी बांधली गेली. तिच्यात पाव भाजले जाऊ लागले, मुलं स्वतःच्या हातांनी पिझ्झा करू लागली. पुढे शुक्रवारची सामुदायिक जेवणं सुरू झाली, शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरू लागला. थंडीत तिथेच बर्फावरच्या स्केटिंगसाठी गर्दी होऊ लागली. जिथे पाऊल टाकायला लोक बिचकत, तिथे आता पाव भाजल्याचा वास आणि पोरांचा कालवा. पहारेकऱ्यांची फौज ठेवून हे साधलं नसतं. माणसांचा राबता वाढला की भीती आपोआप हटते.

मी हे उदाहरण मुद्दाम दिलं, कारण आपल्याकडे बाग सुधारायची म्हटलं की पहिला विचार येतो तो कुंपणाचा. मग पेव्हर ब्लॉक, मग ओपन जिम, मग सूचनांचा फलक: चेंडू खेळू नये, गवतावर बसू नये, डबा खाऊ नये. हे सगळं करून बाग स्वच्छ होते आणि रिकामीच राहते. भर दुपारी, जेव्हा घरकाम करणाऱ्या बाईला दोन कामांच्या मधला अर्धा तास सावलीत टेकायचं असतं, तेव्हा फाटकाला कुलूप असतं. ज्याला घरी दिवाणखाना नाही, अभ्यासाला खोली नाही, त्याला बागेची गरज सगळ्यांत जास्त. वेळापत्रक मात्र सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सोयीने ठरतं. हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नये अशी माझी विनंती आहे.

आपल्याकडे चांगली कामं झाली आहेत. मुंबईत चर्चगेटजवळचं ओव्हल मैदान दुर्लक्षामुळे पार रया गेलेलं होतं. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने पाठपुरावा केला, कोर्टकचेरी केली आणि १९९७ मध्ये देखभालीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही, की तिथे एकाच वेळी क्रिकेटचे अनेक डाव रंगतात आणि मैदान कापत जाणाऱ्या पायवाटेवरून स्टेशनकडे निघालेली नोकरदार माणसं ये-जा करतात. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा पडायचा. त्याच जागेवर १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पहिल्या झाडापासून उद्घाटनापर्यंत अकरा वर्षं गेली, हे आवर्जून लक्षात ठेवा.

कारण वृक्षारोपणाला शंभर हात येतात. जुलैत खड्डे आधीच खणलेले असतात, माती ओली असते, फोटोही छान येतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच रोपांच्या आळ्यात पाणी घालायला चार माणसं मिळत नाहीत. जाळीच्या पिंजऱ्यावर देणगीदाराचं नाव असतं आणि आत वाळकी काडी. किमान तीन उन्हाळे रोप जगवायचं, ही खरी कसोटी. त्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात, टँकरच्या पैशांचा हिशेब ठेवावा लागतो, परीक्षेच्या दिवसांत कोण येणार हे आधी ठरवावं लागतं.

आणखी एक धोका सांगतो, तो घाम गाळणाऱ्यांनाच असतो. दोन वर्षं राबल्यावर ती जागा आपली वाटू लागते, आणि मग बाहेरची मुलं खटकायला लागतात, झाडाखाली बसलेली जोडपी खटकतात, फाटकावरचा भेळवाला खटकतो. मुंबईत मोकळे भूखंड सांभाळायला देण्याच्या धोरणावर इतकी वर्षं वाद झाला तो यामुळेच. काही ठिकाणी सांभाळायला दिलेल्या जागेवर क्लब उभे राहिले आणि आजूबाजूचे लोक बाहेर राहिले. तुम्ही बाग जिवंत केलीत तर फाटकाची किल्ली एका मंडळाच्या खिशात जाऊ देऊ नका.

आणि श्रमदान करता म्हणून पालिकेला मोकळं सोडू नका. माळी, सफाई कामगार आणि रखवालदार यांना पगार देऊन नेमणं हे पालिकेचं काम आहे. रविवारच्या दोन तासांनी कुणाची रोजी जाता कामा नये. इथे तुमची पदवी उपयोगी पडते. विकास आराखड्यात तुमच्या वस्तीत कोणत्या भूखंडावर उद्यानाचं आरक्षण आहे, हे तुम्ही वाचू शकता. ते आरक्षण बदलायचं झालं तर १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस नजरेतून सुटू देऊ नका आणि मुदतीत लेखी हरकत द्या. देखभालीचं कंत्राट कुणाला दिलं, कितीला दिलं, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येतं. अर्ज साधा असतो, उत्तर वाचायला चिकाटी लागते. वाणिज्य शाखेच्या मुलांनी कंत्राटाची बिलं वाचावीत, वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी कोणतं झाड कुठे लावायचं ते सांगावं. वड, पिंपळ फूटपाथलगत लावून दहा वर्षांनी तोडायची पाळी येऊ नये. नाटकवाल्यांनी संध्याकाळी तालमी तिथेच कराव्यात. आजीआजोबांना, पोरांना फुकटात नाटक बघायला मिळेल आणि तुम्हाला प्रेक्षक.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच पुण्यात, नाशकात, बंगळुरात, कदाचित परदेशातही भाड्याच्या खोलीत राहायला जाल. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नसेल. घराजवळची बाग शोधा. पहिल्याच रविवारी झाडू आणि टीशर्ट घेऊन जाऊ नका. आधी तिथल्या माळ्याला भेटा. मामा म्हणा, दादा म्हणा, आणि चहा पिता पिता विचारा, की पाणी कुठून येतं, किती वाजता येतं, मोटरची किल्ली कुणाकडे असते, गेल्या उन्हाळ्यात कोणती झाडं गेली. दुपारी कोण येऊन बसतं, हेही विचारा. त्याला जे ठाऊक असतं ते पालिकेच्या फायलीत नसतं. ते सगळं वहीत उतरवा आणि दुसऱ्या खेपेला सोबत शेजारच्या खोलीतल्या मुलाला घेऊन जा.