गामाचा वाटाड्या



वास्को-द-गामा आम्हांला प्रथम भेटला तो लालबागच्या वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत. तीत तो एकटा उभा, आणि समुद्र मुकाट वाट देतो आहे! संघटनेच्या माणसाला लगेच शंका येते, की हजेरीपटावर आणखी कोण होते?

म्हणून आम्ही त्या सफरीची रोजनिशीच वाचली. २४ एप्रिल १४९८ ला आफ्रिकेतले मालिंदी सोडताना तिथल्या राजाने दिलेला वाटाड्या गामाबरोबर होता. २३ दिवसांत मलबारचे डोंगर दिसले. रोजनिशीत त्या माणसाचे नाव नाही. कादंबरीकार तिथे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद याला खुशाल बसवतात. बहुतेक अभ्यासक आता ते मानत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्याला गुजराती म्हणतो आणि नाव देतो ‘मालेमो काना’. आता हे नाव तरी पाहा! मालेमो म्हणजे मुअल्लिम, जहाजाची वाट जाणणारा. काना म्हणजे गणक. नाव कसले, दोन हुद्दे! गिरणीत ‘ए बदली’ म्हणून हाक मारीत, त्यातलीच गत.

परतताना गामा ५ ऑक्टोबरलाच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. ईशान्येचा वारा तेव्हा धरलेला नसतो, हे भाऊच्या धक्क्यावरचा कोणीही तांडेल सांगेल. २३ दिवसांच्या वाटेला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून तीस खलाशी मेले; दर गलबतावर कामाचे सात-आठच उरले. मालिंदी सोडून पुढे गेल्यावर एक गलबत जाळावे लागले, कारण ते चालवायला हात नव्हते.

त्या तिसांची नावे आम्ही अजून शोधतो आहोत.